रत्नागिरीतलं डायलिसिस केंद्र: डोंबिवली सोडून गावी आलेल्या रुग्णाचा आठ महिन्यांचा अनुभव

पहिल्या दिवशी त्या टेक्निशियन मुलीनं सुईला हातच लावला नाही. आधी माझ्या डाव्या मनगटाच्या वर तीन बोटं टेकवली आणि क्षणभर गप्प उभी राहिली. मग स्टेथोस्कोप लावून ऐकलं. मग विचारलं, "काका, तुमच्या तिथे खालची सुई खांद्याच्या दिशेनं घालायचे की पंजाकडे तोंड करून?"

डोंबिवलीला चार वर्षांत या हातात बाराशेच्या वर सुया गेल्या. आठवड्याला तीन डायलिसिस, दर वेळी दोन सुया, हिशेब कुणीही करावा. एवढ्या सुयांनंतर माणसाला कळतं की समोरचा हात बघून सुई घालतोय की पाळीची वेळ झाली म्हणून घालतोय. त्या पहाटे नेवऱ्याहून निघताना पोटात गोळा आला होता. तिच्या त्या एका प्रश्नानं तो उतरला.

मी डोंबिवली एमआयडीसीत ३१ वर्षं फिटर होतो. पंप, व्हॉल्व्ह, बॉयलरचं पाणी हेच काम. २०२१ मध्ये किडन्यांनी जबाब दिला. तेव्हापासून मंगळवार, गुरुवार, शनिवार, चार-चार तास मशीनवर. डोंबिवलीचं घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. डायलिसिसहून आलं की दर जिन्याला बसून यावं लागायचं. मुलगा नोकरीमुळे पुण्याला. गावी नेवऱ्याला, गणपतीपुळ्याच्या अलीकडे, आमचं घर आहे, धाकटा भाऊ तिथेच असतो, घराला एक पायरी. जायचं हे दोन वर्षं मनात होतं, पण ज्याला सांगावं तो एकच विचारायचा, तिथे डायलिसिसचं काय? बायकोच्या जिवालाही तोच घोर होता. गेल्या नोव्हेंबरात आलो. आता जुलै आहे.

केंद्राचं नाव मुद्दाम देत नाही. पुढे तक्रारीही लिहिल्या आहेत आणि तिथली माणसं पगारावर काम करणारी आहेत, माझ्यामुळे त्यांना वरून बोलणी बसायला नकोत. रत्नागिरीत डायलिसिस एकाहून जास्त ठिकाणी होतं. ज्याला यायचं आहे त्यानं स्वतः जाऊन बघावं. मी काय बघितलं ते सांगतो.

ऑक्टोबरात एकटाच दोन डायलिसिसच्या मधे येऊन गेलो. पुतण्यानं गाडीवरून तीन ठिकाणं दाखवली. पलंग, एसी, टीव्ही बघितला नाही. प्रत्येक ठिकाणी एकच मागणी केली, मला पाण्याची खोली दाखवा. डायलिसिसच्या वेळी मशीनमधून मिनिटाला अर्धा लिटर पाणी जातं, म्हणजे चार तासांत १२० लिटर, आणि हे पाणी आणि आपलं रक्त यांच्या मधे फक्त एक पातळ पडदा असतो. पिण्याचं पाणी निदान पोटातून, आतड्यातून जातं. इथे तशी काही आडकाठी नाही. पाण्यात जे राहिलं ते रक्ताला भेटलं. विशेषतः क्लोरिन. नळाच्या पाण्यात ते जंतू मारायला घालतात आणि प्यायला ते चालतं, पण डायलिसिसच्या पाण्यात राहिलं तर रक्तातल्या लाल पेशी फुटतात. ते अडवायचं काम कार्बन फिल्टरचं. त्याच्या आधी वाळूचा फिल्टर, नंतर पाण्याचा जडपणा काढणारा सॉफ्टनर, शेवटी आरओचे पडदे.

एका ठिकाणी मला सांगितलं, पेशंटला तिकडे जाता येत नाही. एका ठिकाणी किल्लीवाला माणूस जेवायला गेला होता. तिसऱ्या ठिकाणी इन्चार्ज सिस्टर स्वतः उठल्या, चपला बाहेर काढायला लावल्या आणि आत नेलं. भिंतीला रजिस्टर टांगलेलं होतं. क्लोरिनची आणि जडपणाची तपासणी रोज सकाळी, पहिली पाळी सुरू व्हायच्या आधी, खाली सही. त्या दिवशीची तारीख होती, शाई वेगवेगळी होती, सह्या दोन वेगवेगळ्या माणसांच्या होत्या. एका बैठकीत महिनाभराचं भरलेलं रजिस्टर मी कारखान्यात पुष्कळ पाहिलंय, ते लगेच ओळखू येतं. हे तसं नव्हतं. प्लँट सांभाळणाऱ्या मुलाला विचारलं, वाळूचा फिल्टर उलटा कधी धुतोस? तो म्हणाला, "एरवी एक दिवसाआड, पावसात रोज. पावसात पाणी लाल येतं ना." जांभ्या दगडाच्या मुलखातलं पावसाळी पाणी काय असतं हे ज्याला कळतं, त्याच्या हाती माझं रक्त द्यायला माझी हरकत नव्हती. तिथेच ठरवलं.

निघताना सिस्टरांनी एका कागदावर लिहून दिलं की पहिल्या दिवशी काय काय आणायचं. हेपॅटायटिस बी, सी आणि एचआयव्हीचे रिपोर्ट महिन्याच्या आतले हवेत, हे त्यातच कळलं. माझे तेव्हा दोन महिन्यांचे होते. फोनवर चौकशी केली होती तेव्हा हे कुणी बोललं नव्हतं. स्वतः गेलो नसतो तर पहिल्याच दिवशी परत पाठवलं असतं, आणि डायलिसिसवाल्याला 'उद्या या' म्हणून चालत नाही.

आता जुन्या रुग्णालयाबद्दल. नाव त्याचंही लिहीत नाही. चार वर्षं त्यांनी मला जगवलं, हे आधी. पण जायचं म्हटल्यावर कागद काढताना जे झालं ते सांगायलाच हवं. समरी, म्हणजे आजाराचा आणि उपचारांचा सारांश, मागितली तर रेकॉर्डच्या खिडकीवर सांगितलं, सोमवारी या. सोमवारी म्हणाले, डॉक्टरांची सही राहिली. नऊ दिवस गेले. मुलानं पुण्याहून शोधून सांगितलं की भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या नियमांत स्पष्ट लिहिलं आहे: रुग्णानं किंवा त्यानं नेमलेल्या माणसानं नोंदी मागितल्या तर पोच द्यायची आणि ७२ तासांच्या आत कागद द्यायचे. दहाव्या दिवशी मी साध्या कागदावर अर्ज लिहिला, त्यात हा नियम घातला, दुसऱ्या प्रतीवर पोच मागितली. कुणाशी आवाज चढवला नाही. दुसऱ्या दिवशी समरी मिळाली. ज्यांना जायचं आहे त्यांनी पहिल्याच दिवशी लेखी अर्ज द्यावा. मी तोंडी मागत राहिलो, ते चुकलं.

समरी एका पानाची. त्यात माझं ड्राय वेट ६२ किलो लिहिलेलं. ते दोन वर्षांपूर्वीचं. ड्राय वेट म्हणजे अंगातलं जादा पाणी काढल्यावर उरायला हवं ते वजन, मशीनला किती पाणी ओढायचं ते यावरून ठरतं. माझं तेव्हा ५८.५ होतं. मधल्या काळात मी बारीक झालो होतो आणि ते रोजच्या चार्टवर होतं, पण समरी करणाऱ्यानं जुनी समरी उघडून तारीख बदलली असावी. ६२ धरून चालले असते तर दर वेळी साडेतीन लिटर पाणी अंगातच राहिलं असतं. लसीचा तर उल्लेखच नव्हता. हेपॅटायटिस बीची प्रतिकारशक्ती माझी १० च्या खाली उतरली होती म्हणून ऑगस्टपासून डोस पुन्हा सुरू केले होते. आम्हा डायलिसिसवाल्यांना तो दुप्पट ताकदीचा असतो आणि चार वेळा द्यावा लागतो: पहिला, मग एक महिन्यानं, दोन महिन्यांनी आणि सहा महिन्यांनी. चौथा फेब्रुवारीत पडत होता, म्हणजे इकडे आल्यावर. समरीवर भरवसा ठेवला असता तर तो राहिलाच असता. इथल्या सिस्टरांनी पहिल्याच आठवड्यात विचारलं, लसीचं कार्ड कुठाय? घरी पिशव्या उपसल्या तेव्हा बायकोला ते गॅसच्या पुस्तकात सापडलं. फेब्रुवारीत डोस झाला.

खरा कागद दुसराच होता. डोंबिवलीच्या युनिटमधल्या एका सिस्टर, चार वर्षं मला बघणाऱ्या, शेवटच्या आठवड्यात म्हणाल्या, "थांबा, मी तुम्हाला माझं लिहून देते." फुलस्केपवर बॉलपेननं दोन्ही बाजूंनी लिहिलं. रक्ताचा पंप २८० वर चालतो, ३०० केला की दाबाचा अलार्म वाजतो. हेपॅरिन (रक्त गोठू नये म्हणून देतात ते औषध) सुरुवातीला किती आणि दर तासाला किती, शेवटच्या तासाला बंद. तिसऱ्या तासानंतर बीपी पडतं, तेव्हा आधी पाणी ओढणं थांबवा, पाय वर करा, सलाईन लगेच देऊ नका, यांना तेवढ्यानं बरं वाटतं. बोलायचे थांबले की बीपी बघा, हे स्वतःहून सांगत नाहीत. हे शेवटचं वाक्य बायकोनं मला वाचून दाखवलं, तेव्हा आम्ही दोघंही थोडा वेळ काही बोललो नाही.

मागच्या बाजूला माझ्या हाताचं चित्र काढलेलं होतं. मनगटाच्या रेषेपासून किती सेंटीमीटरवर कुठल्या सुया, कुठल्या जागा आलटून पालटून वापरायच्या, आणि एका ठिकाणी गोल करून: इथे टोचू नका, फुगवटा आहे. या कागदाला शिक्का नाही, फाइल नंबर नाही. रत्नागिरीच्या त्या मुलीनं पहिल्या दिवशी हाच कागद मागून घेतला, समरीच्या आधी वाचला आणि चित्र माझ्या हाताशी धरून बघितलं. आज त्याची झेरॉक्स माझ्या फाइलच्या पहिल्या पानावर आहे, प्लॅस्टिकच्या कव्हरात. या केंद्राचं काय आवडलं असं कुणी विचारलं तर मी आधी हे सांगेन.

चार्टबद्दलही सांगतो. प्रत्येक डायलिसिसचा एक चार्ट असतो, आधीचं वजन, नंतरचं वजन, दर अर्ध्या तासाचं बीपी, काय त्रास झाला ते सगळं. समरी कितीही चांगली असली तरी शेवटच्या दहा चार्टच्या झेरॉक्स घ्याव्यात. तुम्ही आज कसे आहात ते त्यात दिसतं. फिस्टुलाच्या, म्हणजे सुया घालता याव्यात म्हणून हातातली धमनी आणि शीर जोडतात त्या, ऑपरेशनचा कागद, शेवटचे हिमोग्लोबिन, पोटॅशियम, कॅल्शियम, फॉस्फरसचे रिपोर्ट आणि हृदयाची सोनोग्राफी हेही घेतलं. आभा नंबर, म्हणजे सरकारी आरोग्य ओळख क्रमांक, काढला आहे, चौदा आकडी, पण माझे जुने कागद काही त्यात आपोआप आले नाहीत. पिशवीतूनच आले.

वजनकाट्याचं प्रकरण मात्र मी फिटर नसतो तर कदाचित ध्यानातच आलं नसतं. ड्राय वेट ५८.५, हे खरं, पण कुठल्या काट्यावर? डोंबिवलीतच मी घरासाठी एक डिजिटल काटा घेतला होता. शेवटच्या दोन डायलिसिसनंतर युनिटच्या काट्यावर उभा राहिलो आणि घरी येऊन त्याच कपड्यांत लगेच आपल्या काट्यावर. युनिटवर ५८.५, घरचा ५८.७. म्हणजे तो काटा घरच्यापेक्षा २०० ग्रॅम कमी दाखवायचा. मग तो काटा टॉवेलात गुंडाळून रेल्वेतून आणला आणि पहिल्या दिवशी थेट केंद्रात नेला. सिस्टरांनी नवल केलं, पण अडवलं नाही. केंद्राचा काटा घरच्यापेक्षा ६०० ग्रॅम जास्त दाखवत होता. म्हणजे डोंबिवलीचे ५८.५ इथे ५९.३ व्हायला हवेत. इथे ५८.५ लाच आणून ठेवलं असतं तर दर वेळी ८०० मिलिलिटर पाणी जास्त ओढलं गेलं असतं. बीपी पडणाऱ्या माणसाला ८०० मिलिलिटर म्हणजे पायात गोळे, डोळ्यांपुढे अंधारी. त्यांनी आकडेमोड समजून घेतली, वहीत ५९.३ लिहिलं आणि पुढे कंसात 'या काट्यावर' असं लिहिलं.

पण तो काटा दुरुस्त करायला त्यांना दोन महिने लागले. ही माझी पहिली तक्रार. बाकीच्या रुग्णांचं ड्राय वेट त्याच काट्यावर ठरलेलं असल्यानं त्यांना धोका नव्हता, हे मान्य. तरी नवीन येणाऱ्या प्रत्येकाला होता, आणि प्रत्येक जण घरचा काटा घेऊन येत नाही. जानेवारीत दुरुस्त झाला तेव्हा मात्र सगळ्या फाइलींवर लाल पेननं सूचना चिकटवली आणि प्रत्येकाचा आकडा नव्यानं लिहिला. माझा ५८.७ झाला.

येण्याचे दिवस असे बसवले: गुरुवारी डोंबिवलीला शेवटचं डायलिसिस, शुक्रवारी ठाण्याहून सकाळची मांडवी एक्सप्रेस, दुपारी रत्नागिरी, शनिवारी सकाळी नव्या ठिकाणी पहिलं. शनिवारी तिकडचं आटपून मंगळवारी इकडे सुरू करायचा आधी बेत होता, डोंबिवलीच्या त्या सिस्टरनीच तो मोडला. शनिवार ते मंगळवार ही आधीच आठवड्यातली सगळ्यात लांब फट, त्यात नवी जागा आणि काही अडलं तर आणखी एक दिवस. ते बरोबर होतं. रक्तवाढीची इंजेक्शनं थर्मासमध्ये बर्फावर पुठ्ठा ठेवून त्यावर आणली. ती २ ते ८ अंशांत ठेवायची, पण गोठवायची नाहीत, बर्फाला थेट टेकली की वाया.

पैशांचं थोडक्यात. महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेत माझं डायलिसिस बसतं. रेशनकार्ड केशरी, पत्ता डोंबिवलीचा, तरी रत्नागिरीत चाललं, कारण योजना सगळ्या राज्याची आहे. अडलं ते दुसऱ्याच ठिकाणी. जुन्या रुग्णालयानं त्यांच्याकडची नोंद बंद केली नव्हती आणि ती उघडी असताना इथल्या आरोग्यमित्राला, म्हणजे रुग्णालयात बसणाऱ्या योजनेच्या माणसाला, नवीन नोंद करता येईना. पहिली तीन डायलिसिस खिशातून दिली. आरोग्यमित्रानं स्वतः तिकडे चार वेळा फोन केले. निघण्याआधी जुन्या ठिकाणच्या आरोग्यमित्राला भेटून आपली नोंद बंद करून घ्या, पुढचं डायलिसिस कुठे आणि कधी ते त्यांना सांगून.

जानेवारीच्या शेवटी पायात गोळे यायला लागले. चौथ्या तासाला पोटरी दगडासारखी व्हायची, बीपी ९० वर यायचं. मी म्हटलं, मी पाणी जास्त पीत असेन. त्या टेक्निशियन मुलीनं मागचे आठ चार्ट काढले आणि म्हणाली, "काका, उलट आहे. दोन डायलिसिसच्या मधे तुमचं वजन पूर्वीपेक्षा कमी वाढतंय. पायाला सूज नाही. तुम्ही अंगानं भरलात." खरंच होतं. गावी आल्यापासून भूक लागायला लागली होती, ताजे मासे, भावजयीच्या हातचं जेवण, दोन्ही वेळा पोटभर. अंगावर मांस चढलं होतं आणि मशीन त्याला पाणी समजून ओढत होतं. तिनं डॉक्टरांना कळवलं आणि तीन आठवड्यांत अर्धा-अर्धा किलो करत ड्राय वेट ५९.७ वर नेलं. गोळे थांबले. घर बदललं की खाणं बदलतं, खाणं बदललं की हा आकडा बदलतो, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. तिच्या ते ध्यानात आलं.

खाण्याचे प्रश्नही इथे वेगळे. केंद्राला आहारतज्ज्ञ नाही आणि असायला हवा, पण सिस्टरांना आपला मुलूख माहीत आहे. डोंबिवलीला तक्त्यावर लिहिलेलं असायचं, फळं कमी खा. इथे पहिल्या आठवड्यात विचारलं, घरी शहाळी पाडतात का? पेज पिता का? सुकी मासळी किती वेळा? आणि परसात करमळाचं झाड आहे का? शहाळ्याच्या पाण्यात १०० मिलिलिटरमागे २५० मिलिग्रॅमच्या आसपास पोटॅशियम असतं आणि मला दिवसाला सगळं धरून दोन हजार मिलिग्रॅम. आमच्याकडे तर पाहुणा आला की आधी शहाळं सोलतात, आजारी माणसाला मुद्दाम देतात. भावाला हे समजावणं सगळ्यात जड गेलं. तो स्वतः झाडावर चढून माझ्यासाठी शहाळी काढायचा. सिस्टरांनी त्याला एकदा मशीनजवळ बोलावलं आणि पोटॅशियम वाढलं की हृदय कसं थांबतं ते समोर बसवून सांगितलं, तेव्हा त्याला पटलं. पेजेतलं पाणी दिवसाच्या पाण्याच्या हिशेबात धरायचं हेही त्यांनीच सांगितलं. मी पेज म्हणजे जेवण समजत होतो.

करमळ म्हणजे आडवं कापलं की चांदणी दिसते ते आंबट फळ. किडनी गेलेल्या माणसाला ते सरळ विषारी आहे, उचकी लागते, भ्रम होतो, जीवही जातो, कारण त्यातलं विष किडनीवाटे बाहेर पडतं आणि आमची किडनी ते टाकू शकत नाही. आमच्या विहिरीजवळ हे झाड आहे. भावजय त्याची चटणी करते, मीही लहानपणापासून खाल्लेली. चार वर्षांत मला हे कुणी सांगितलं नव्हतं, कारण डोंबिवलीत कुणाच्या परसात करमळ नसतं.

आंब्याच्या दिवसांत माझं पोटॅशियम ६.१ वर गेलं. लपवत नाही, खाल्ले होते. ओरडले नाहीत. डॉक्टरांनी डायलिसिसच्या दिवशी मशीनवर बसण्याच्या थोडं आधी दोन फोडींची मोकळीक दिली, बाकी दिवस नाही. हे माझ्या रिपोर्टवरून ठरलं, दुसऱ्यानं आपल्या डॉक्टरांना विचारूनच करावं.

पावसाळ्याची मला धास्ती होती. पहिली पाळी साडेसहाची, पुतण्या रिक्षा चालवतो, पाच वाजता निघतो. आरेवारेच्या रस्त्यानं वीसेक किलोमीटर, जोराच्या पावसात समुद्राकडून पाणी असं येतं की काच पुसूनही दिसत नाही. जूनमध्ये एका मंगळवारी दुसऱ्या तासाला वीज गेली. दिवे गेले, एसी गेला, पण मशीनचा पंप बॅटरीवर चालू होता. रक्त नळ्यांत थांबलं तर गोठतं आणि नळ्या-फिल्टर मिळून पाव लिटरच्या आसपास रक्त बाहेर असतं, ते फुकट जातं. दोन सिस्टर आणि ती मुलगी काही न बोलता मशीनांच्या मधोमध उभ्या राहिल्या, एकेकीचा हात एकेका पंपाच्या हँडलवर, बॅटरी दगा देईल तर हातानं फिरवायला. जनरेटर अर्ध्या मिनिटात लागला. मी मनात मोजत होतो. कुणी धावपळ केली नाही, याचा अर्थ त्यांनी हे आधी करून बघितलेलं होतं.

आता राहिलेल्या तक्रारी. किडनीचे डॉक्टर महिन्यात दोनदा कोल्हापूरहून येतात, आंबा घाटातून. या पावसात एकदा चुकले, मग मधे तीन आठवडे गेले. फोनवर बोलतात, रिपोर्ट मोबाइलवर बघतात, पण हात लावून बघणारे डॉक्टर आठवड्याला एकदा तरी हवेत. फिस्टुला बंद पडला तर इथे काही होत नाही, कोल्हापूर गाठायचं, १३० किलोमीटर, आणि त्यात वेळ गेला तर फिस्टुला परत चालू होईलच असं नाही. म्हणून त्यांनी मला आणि बायकोला दोघांनाही सकाळ-संध्याकाळ हातातली थरथर, म्हणजे फिस्टुलातून रक्त वाहतंय याची खूण, बोटांनी तपासायला शिकवलं. ही रोज रात्री आधी माझा हात बघते, मग दिवा मालवते. तिसरी तक्रार बरोबर येणाऱ्यांची. त्यांना बसायला चार खुर्च्या, त्याही जिन्याखाली, पावसाचं पाणी येतं. चार तास तिथे बायका भिजक्या साडीत बसलेल्या असतात. एक पत्रा आणि दोन बाकडी, एवढंच लागेल. मी लेखी अर्ज दिला आहे, पोच माझ्याकडे आहे. काम झालेलं नाही.

एक शेवटचं, गणपतीला येणाऱ्यांसाठी. मुंबई-ठाण्याहून घरच्या गणपतीला येणारे डायलिसिसचे रुग्ण इथे दरवर्षी पाळी मागतात आणि सिस्टरांनी त्यासाठी वेगळी वही केली आहे. मागच्या शनिवारी त्यात अकरा नावं होती. आयत्या वेळी फोन करून जागा मिळत नाही, आत्ताच करा. रिपोर्ट महिन्याच्या आतले आणा, शेवटचे चार्ट आणा, आणि तुमच्या सिस्टरांकडून हाताचं चित्र काढून घ्या. सहा नंबरच्या मशीनवर दुपारची पाळी काल तरी रिकामी होती.